दगडाचे कूळ, नदीचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ऋषींच्या बाबतीत ती खरी असेल. नद्यांच्या बाबतीत मात्र ती मानण्यास आम्ही तयार नाही. निदान मुलांना शिकविताना तरी ती बाजूस ठेवावी, असे आमचे मत झाले आहे. हे मत बनण्यास सुरतेतील एका घरात घालविलेले चार दिवस कारण झाले. तो वृत्तान्त आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुरतेत मराठी माणसांची किती मोठी वस्ती आहे, याची मुंबई-वसईकडील वाचकांस फारशी कल्पना नसते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतून चालताना आपण खानदेशातच आहोत की काय, असा भास होतो. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून माग, कापडछपाई आणि हिरे यांच्या कामासाठी आलेली ही कुटुंबे. तेथील महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. अशाच एका कुटुंबात आमचा मुक्काम होता. घरात आजी, मुलगा-सून आणि सातवीत शिकणारा नातू. नातवाची परीक्षा तोंडावर आली होती, आणि तो येरझाऱ्या घालीत मोठ्याने पाठ करीत होता : "खडकांचे मुख्य प्रकार तीन. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित."

त्याचा उच्चार स्वच्छ होता, क्रमही चुकत नव्हता. आम्ही सहज विचारले, "बाळ, या तिघांपैकी एखादा तू पाहिला आहेस काय?"

तो थांबला. क्षणभर विचार करून म्हणाला, "नाही काका. ते पुस्तकात असतात. सुरतेत खडक नाहीत."

हे उत्तर ऐकून हसू येईल. पण ते अगदीच चुकीचे नव्हते. सुरत शहर तापी नदीने आणून टाकलेल्या गाळावर वसले आहे. तेथे डोंगर नाही, कडा नाही, उघडा कातळ नाही. पाया खणला तर माती आणि वाळू लागते. मुलाने डोळ्यांनी जे पाहिले तेच सांगितले. आम्हांस खटकली ती दुसरीच गोष्ट. एवढे पाठ करूनही "मग हे असतात तरी कुठे?" असा प्रश्न त्याने कोणास विचारला नव्हता. कोपऱ्यात त्याचे वडील बसले होते. ते हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे पैलू घासण्याच्या चाकावर, काम करतात. तेही काही बोलले नाहीत. "मी सातवीपर्यंतच शिकलेला. शाळेच्या अभ्यासातलं मला काय कळणार?" एवढेच ते पुटपुटले. ते वाक्य आमच्या मनात राहिले. त्याकडे पुढे येऊ.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सा आटोपून आल्यावर आम्ही मुलास म्हटले, "चल, तुझे तिन्ही खडक या घरातच शोधू." त्यास खरे वाटेना. पहिला शोध स्वयंपाकघरात लागला. आजींचा पाटा-वरवंटा! शिंदखेड्याकडील माहेराहून त्यांनी तो आणलेला. काळा, जड, टाकी लावून लावून मध्ये खोलगट झालेला. हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला, एकावर एक थर पसरत गेले आणि थंड होऊन घट्ट झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या थरांखाली आहे. सह्याद्री त्याचाच, अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलेली, आणि खानदेशातील शेतांची काळी जमीन म्हणजे त्याचाच झिजून झालेला चुरा. आजी ज्यावर पन्नास वर्षे मसाला वाटीत आल्या, तो अग्निजन्य खडक होय.

दुसरा खडक पायाखालीच होता. घरातील फरशी राजस्थानच्या कोट्याची. हा चुनखडक आहे. फार प्राचीन काळी समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ साचून तो थराथरांनी बनला. म्हणूनच तो पातळ फरशांच्या रूपाने सहज निघतो. हा स्तरित खडक. तिसरा घरातील छोट्या वेदीवर मिळाला. मरियामातेच्या मूर्तीखाली संगमरवराचा पांढरा तुकडा होता. चुनखडकच भूगर्भात उष्णता आणि दाब यांच्या तावडीत सापडला की त्याचा संगमरवर होतो. हा रूपांतरित खडक. मुलाने लिंबू आणले. फरशीचा एक फुटका तुकडा आणि संगमरवराची एक कपची यांचा थोडा चुरा करून आम्ही दोन्हींवर लिंबाचा रस पिळला. दोन्हींवर बारीक बुडबुडे आले. पाट्यावर मात्र काही आले नाही. एकाचा रंग करडा, दुसऱ्याचा पांढरा. पण लिंबाने दोघांचे कूळ एकच असल्याची साक्ष दिली. (पालकांनी हा प्रयोग घरच्या चांगल्या फरशीवर करू नये. डाग पडतो आणि मग भूगर्भशास्त्राविषयी घरात फार वाईट मत होते.)

येथे मुलाने पहिला स्वतःचा प्रश्न विचारला : "मग खनिज म्हणजे काय? तेही दगडच ना?" आम्ही चिवड्याची वाटी पुढे ओढली. चिवडा म्हणजे खडक; त्यातील पोहे, दाणे, डाळे म्हणजे खनिजे. खनिजाची घडण ठरलेली असते, त्याचे स्वतःचे गुणधर्म असतात. खडक म्हणजे बहुधा अनेक खनिजांचे मिश्रण. ठिपकेदार ग्रॅनाइटचा ओटा ज्यांच्या घरी असेल त्यांनी मुलास तो जवळून दाखवावा. काचेसारखा चमकतो तो क्वार्ट्झ, फिकट वा गुलाबी तो फेल्डस्पार, काळी चकचकीत चकती ती अभ्रकाची. मात्र बाजारात ज्यास 'काळा ग्रॅनाइट' म्हणतात तो पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच. तो बेसाल्टच्याच कुळातील, पण जमिनीखाली सावकाश थिजलेला दुसरा दगड असतो. दुकानातील नाव आणि दगडाचे कूळ यांचा मेळ नेहमीच बसत नाही, हेही मुलांस कळलेले बरे.

तीन नावांची ओळख पटली. पण खडकांचे चक्र अद्याप उरले होते. पाठ्यपुस्तकात ते बाणांनी जोडलेल्या वर्तुळाच्या रूपाने येते. मूल बाण पाठ करते आणि परीक्षेनंतर विसरते. सुरतेच्या मुलास मात्र ते चक्र तापीच सांगते. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्रास मिळते. वाटेत बहुतेक सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. ऊन-पावसाने पाषाण भेगाळतो, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे गोटे, गोट्यांची वाळू आणि वाळूचा गाळ. जो मार्ग या गाळाचा, तोच आजींच्या कुटुंबाचा. खानदेशातून निघावे, तापीच्या उताराने यावे आणि सुरतेस स्थिर व्हावे! हे सांगताच आजी हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्हीसुद्धा गाळच की!" आम्ही म्हटले, "ज्या गाळावर शहर उभे आहे, तो गाळ."

आजींना नदीचा गाळ शिकविण्याची गरज नव्हती. ऑगस्ट २००६ च्या महापुरात शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड कतारगामच्या बाजूस तळमजल्यावर होते. पाणी ओसरल्यावर घरात राहिलेला चिखल त्यांनी कित्येक दिवस उपसला होता. त्या म्हणाल्या, "खाली जाड रेती लागायची आणि वर लोण्यासारखा मऊ चिखल. वाळल्यावर त्याच्या खपल्या निघाल्या." वाचकहो, स्तरित खडक कसा बनतो याचे इतके नेमके वर्णन आम्ही पुस्तकात क्वचितच वाचले आहे. जड ते आधी बसते, हलके ते मागाहून. खंबायतच्या आखातात असे थर हजारो वर्षे साचत आले आहेत. त्यावर नवे थर दाबले गेले की खालचे घट्ट होतात. फार खोल गेले की तापतात आणि त्यांचे रूप पालटते. त्याहून खोल गेले तर वितळतात आणि पुन्हा शिलारस होतात. मुलास हे बरणीत दाखविता येते. अंगणातील मूठभर माती आणि पाणी काचेच्या बरणीत घालून हलवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी थर दिसतात.

सायंकाळी आम्ही डुमसच्या किनाऱ्यावर गेलो. तेथील वाळू काळसर आहे, आणि त्या किनाऱ्याविषयी भुताखेतांच्या कथा दूरवर प्रसिद्ध आहेत. मुलानेही त्या ऐकल्या होत्या. आम्ही जुन्या ध्वनिक्षेपकातून काढलेले लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर नेले होते. ते वाळूवरून फिरविताच पिशवीस काळ्या कणांच्या मिशा फुटल्या! पिशवी उलटी करून आम्ही ते कण कागदावर झटकले. हे मॅग्नेटाइटच्या जातीचे लोहखनिज. काळ्या पाषाणात ते बारीक कणांच्या रूपाने असते; पाषाण झिजला की हे जड कण मागे उरतात आणि लाटा ते निवडून एकत्र करतात. बाया सुपात धान्य पाखडतात, तशी लाट वाळू पाखडते. मुलगा भुतास विसरला आणि चुंबक फिरवीत अंधार पडेपर्यंत वाकून राहिला. परतताना त्याने विचारले, "काका, मध्ये उकाईचे धरण आहे. मग ही रेती तिथे अडत नाही का?" आम्ही चालता चालता थबकलो. हा प्रश्न कोणत्याही स्वाध्यायात नव्हता. होय, अडते. १९७२ साली धरण पूर्ण झाल्यापासून तापीचा पुष्कळसा गाळ त्या जलाशयातच बसत आहे. डुमसची वाळू ही मुख्यतः त्यापूर्वीच्या हजारो वर्षांची मिळकत आहे. खडकांचे चक्र माणूसही अडवू शकतो, हे त्या दिवशी त्याने आपणहून शोधून काढले.

रात्री पुन्हा पाटा निघाला. त्याच्या मागील बाजूस ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. "तो डाग माझ्या लग्नापासून आहे," आजी म्हणाल्या. खिळ्याने ओरखडून पाहिले; त्यावर रेघ उठेना, खिळ्याचेच लोखंड त्यावर उमटले. ही गारगोटीच्या जातीची कठीण खडी. शिलारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि जागोजाग पोकळ्या राहतात. पुढे त्यांतून पाणी झिरपते आणि विरघळलेली सिलिका तेथे थरांनी बसते. लहान पोकळीत असा ठिपका, मोठीत अकीक.

अकीकाची कथा तर सुरतेच्या उंबरठ्यावरचीच. भरूच जिल्ह्यात, नर्मदेच्या दक्षिणेस रतनपूर गाव आहे. तेथे बावा गोर या सीदी पीराचा दर्गा आहे, आणि आसपासच्या जमिनीतून अकीकाचे गोटे खणून काढतात. हे गोटे जन्मले काळ्या पाषाणाच्या पोटात. पाषाण झिजून गेला, ते उरले. ओढ्यांनी वाहून नेले, घासून गोल केले. पुढे गोट्यांच्या थरात गाडले जाऊन त्यांचा पुन्हा खडक झाला. म्हणजे हाती धरलेला एकच गोटा खडकांच्या चक्रातील दोन-तीन मुक्काम करून आलेला असतो. तेथून ते खंबायतला जातात. मातीच्या भांड्यांत ठेवून मंद आचेवर भाजले की त्यांतील लोहाच्या संयुगातले पाणी जाते आणि पिवळट दगड तांबडा होतो. हे ज्ञान आजकालचे नव्हे. लोथल येथे १९५५ पासून झालेल्या उत्खननात हडप्पाकालीन मणी घडविण्याची कार्यशाळा सापडली. तसले लांबट तांबडे मणी इराकमधील ऊर येथील राजघराण्याच्या कबरींतही मिळाले आहेत.

परंतु या तांबड्या मण्यास एक काळी बाजू आहे, आणि ती मुलांपासून लपवू नये. अकीक घासताना सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती श्वासावाटे फुप्फुसात बसते आणि पुन्हा निघत नाही. त्या आजारास सिलिकोसिस म्हणतात. खंबायतच्या कारागिरांत तो फार आढळला आहे. पुष्कळदा तो क्षय समजला जातो, आणि क्षयाच्या औषधाने तो बरा होत नाही. दगड फोडण्याच्या, वाळूचा झोत मारण्याच्या, फरशी कापण्याच्या कामातही तोच धोका. पाण्याची धार आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा यांनी तो पुष्कळ कमी होतो. गारगोटी खिळ्यापेक्षा कठीण आहे, हे मुलास नुसते गुण मिळविण्यापुरते ठाऊक असून भागत नाही. त्या काठिण्याची किंमत कोणाचे तरी फुप्फुस देते, हेही त्यास कळावे. उद्या त्याच्यावरच असे काम करण्याची वेळ आली, तर तोंडावर काय बांधावे आणि मालकाकडे काय मागावे, हे त्यास माहीत असेल.

तिसऱ्या दिवशी आजींनी मनातील शंका विचारली. "साडेसहा कोटी वर्षं म्हणता. पण देवानं जग सहा दिवसांत केलं ना?" हा प्रश्न अनेक घरांत दबून राहतो, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो. पवित्र शास्त्र आपणांस जग कोणाचे आहे हे सांगते. दगडांचे वय मोजण्याचे काम त्याने आपल्या बुद्धीवर सोपविले आहे. या कामाचा पाया घालणाऱ्यांत एक बिशप होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. निकोलस स्टेनो हे १६३८ साली कोपनहेगन येथे जन्मले. ते शरीरशास्त्रज्ञ होते. १६६६ साली फ्लॉरेन्स येथे त्यांनी एका प्रचंड शार्क माशाचे डोके विच्छेदनासाठी घेतले. त्याचे दात पाहून त्यांच्या लक्षात आले की, डोंगरांत सापडणारे आणि लोक ज्यांस सापांच्या जिभा समजतात ते दगड म्हणजे प्राचीन शार्कांचे दातच होत. मग ते खडकात शिरले कसे? १६६९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी उत्तर दिले : गाळ थराथरांनी आडवा साचतो, खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. मधल्या काळात, १६६७ साली, ते कॅथोलिक झाले होते; १६७५ साली धर्मगुरू, १६७७ साली बिशप झाले. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस धन्य घोषित केले. पृथ्वीचे वय किती, हे स्टेनो यांस ठाऊक नव्हते. त्यांच्या काळी ते कोणासच ठाऊक नव्हते. किरणोत्सर्गाच्या मोजणीवरून ते सुमारे साडेचार अब्ज वर्षे असल्याचे १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी दाखविले. पण थर वाचण्याची बाराखडी स्टेनो यांची.

ती बाराखडी मुलाने घरातील गोधड्यांच्या चळतीवर गिरविली. सर्वांत खालची गोधडी सर्वांत आधी ठेवलेली. सुरत जिल्ह्यातच मांगरोळ तालुक्यात वास्तन येथे लिग्नाइट कोळशाची खाण आहे. तेथे काळ्या पाषाणाच्या वर कोळशाचे आणि मातीचे थर आहेत. म्हणजे ते पाषाणाहून वयाने लहान. त्या थरांचे वय पाच कोटी वर्षांहून अधिक. त्यांत प्राचीन सस्तन प्राण्यांची आणि वटवाघळांची हाडे, राळेच्या खड्यांत अडकलेले कीटक आणि शार्कांचे दातही सापडले आहेत. स्टेनो यांनी फ्लॉरेन्स येथे ओळखलेले दात सुरतेच्या मातीतही निघावेत! "म्हणजे इथे समुद्र होता?" मुलाने विचारले. आम्ही म्हटले, "तूच सांग." तो गोधड्यांकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "आधी आग, मग दलदल आणि समुद्र, मग आपण."

एवढा काळ मुलाच्या डोळ्यांपुढे उभा करणे कठीण. पण सुरत हे साड्यांचे शहर. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे मानले आणि साडेपाच मीटरच्या आठ साड्या टोकास टोक जोडून रस्त्यावर अंथरल्या, तर पृथ्वीचे बहुतेक सारे आयुष्य त्यांत मावते. आजींचा पाटा शेवटच्या साडीच्या पदरात येतो, शेवटच्या ६६ सेंटिमीटरांत. माणसाने लिहून ठेवलेला सारा इतिहास पदराच्या अगदी कडेच्या एका धाग्याच्या जाडीतही पुरता भरत नाही.

"आणि हिरा?" मुलाने विचारले. हा प्रश्न आम्हांस होता. पण आम्ही त्याच्या वडिलांकडे पाहिले. ते प्रथम संकोचले. मग हळूहळू बोलू लागले. "हिरा सगळ्या बाजूंनी सारखा घासला जात नाही. एका दिशेनं घंटीवर धरला तर झिजतो. दुसऱ्या दिशेनं धरला तर दिवस गेला तरी हलत नाही; उलट चाकच खराब होतं. त्याची दिशा बोटांना कळावी लागते. आणि त्याला घासायला दुसरं काही चालत नाही, हिऱ्याचीच पूड लागते." मुलगा वडिलांकडे प्रथमच पाहावे तसा पाहत होता. आम्ही त्यास सांगितले की, बाबा जे सांगत आहेत त्यालाच स्फटिकाची रचना म्हणतात. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. त्याचे कण एका ठरावीक ठेवणीने बसलेले असतात, म्हणून त्याचे काठिण्य दिशेप्रमाणे बदलते. तुझ्या पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट. तोही कार्बनच, पण कागदावर झिजेल इतका मऊ. फरक कुळाचा नाही, बैठकीचा.

जगातील दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात असे म्हणतात. पण सुरतेच्या जमिनीत हिरा नाही. कच्चा माल मुख्यत्वे आफ्रिका, रशिया अशा दूरच्या देशांतून येतो. भारतात हिऱ्याची खाण आहे ती मध्य प्रदेशात पन्ना येथे. हिरे बनतात दीडशे किलोमीटरहून अधिक खोलीवर, आणि एका विशिष्ट शिलारसाच्या उसळीबरोबर वर येतात. त्यांतील पुष्कळांचे वय एक ते तीन अब्ज वर्षे आहे. आमच्या हिशेबाने दोन ते पाच साड्या मागे. वडील हे ऐकत होते. "रोज हातात असतं, पण एवढं जुनं असेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आता यंत्रातसुद्धा हिरा वाढवतात. काही आठवड्यांत. कार्बन तोच. त्यामुळे भाव उतरले, आणि काम कमी झालं." अलीकडील काही वर्षांत सुरतेच्या हजारो घरांवर हे संकट आले आहे, आणि त्यावर आम्हांजवळ तोडगा नाही. एवढेच म्हणतो, की ज्या माणसाच्या बोटांत इतके ज्ञान आहे त्याने आपल्या मुलासमोर "मला काय कळणार" असे म्हणू नये, आणि शाळेने त्याला तसे म्हणावयास लावू नये.

पालक व शिक्षक यांस आमची विनंती थोडक्यात अशी. नाव शेवटी सांगावे, प्रश्न आधी विचारावा : हा दगड आला कोठून? घरातील पाटा, फरशी, वेदी, पाटी-पेन्सिल यांपासून आरंभ करावा. नख, खिळा, लिंबू आणि चुंबक एवढी साधने पुरेत. मुलास जवळच्या नदीवर न्यावे, मात्र मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. आणि त्या घरात दगडाशी, मातीशी, विहिरीशी ज्याचा हात लागलेला आहे अशा वडीलधाऱ्यास वर्गात बोलवावे. मराठी माध्यमातील मुलांस तर हे अधिकच लाभते. कारण गारगोटी, मुरूम, कातळ, चुनखडी हे शब्द त्यांच्या आजीच्या तोंडी आधीच आहेत.

असो. निघण्याच्या दिवशी मुलाने बुटांचे रिकामे खोके आणून दाखविले. पुठ्ठ्याचे कप्पे करून त्याने त्यात सहा वस्तू ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीखाली कागदाची चिठ्ठी चिकटविली होती : कोठे सापडला, कोठून आला, कोणी सांगितले. रुळाजवळून आणलेल्या काळ्या खडीच्या चिठ्ठीवर लिहिले होते, "पाट्याचा भाऊबंद. सांगणारी : आजी." शेवटच्या कप्प्यात पेन्सिलीच्या शिशाचा एक तुकडा होता. त्याखाली लिहिले होते, "हिऱ्याच्या कुळातला. सांगणारे : बाबा."